निळ्या किटलीची बखर

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील तरुण मंडळींना तंबू घेऊन रानात मुक्काम करण्याची मोठी हौस लागली आहे. आंबोली, चोर्ला, दांडेली, कुठे जायचे ते ठरले की सामानाची यादी होते आणि त्या यादीत हल्ली एक वस्तू हमखास दिसते : निळ्या रंगाची, पांढऱ्या ठिपक्यांची, एनॅमलची कॉफीची किटली. कॅम्पातल्या थिएटरात इंग्रजी चित्रपट पाहत वाढलेल्या आमच्या पिढीला ही किटली चांगलीच परिचयाची आहे. शेकोटी पेटलेली, घोडा बाजूला बांधलेला, नायक टोपी मागे सारून बसलेला आणि निखाऱ्यांवर ती किटली. ना घर, ना मालक, ना घड्याळ! मोकळ्या माणसाचे मोकळे भांडे म्हणून ती आपल्या मनात ठसली आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी ठसलेली चित्रे जरा संशयाने पाहण्याची खोड असते. या किटलीची वंशावळ शोधू लागले की मोकळे रान फार थोडे सापडते. सापडतात त्या लष्कराच्या छावण्या, कारखान्यांच्या भट्ट्या, आयातकराचे कायदे आणि शेवटी एक न्यायालयीन निकाल. किटली कशी निवडावी आणि कशी वापरावी हेही या वंशावळीतूनच नीट उमगते, म्हणून हा प्रपंच.

प्रथम त्या काउबॉयकडे वळू. टेक्ससमधून उत्तरेच्या रेल्वे स्थानकांपर्यंत गुरांचे प्रचंड कळप हाकत नेण्याचा काळ म्हणजे साधारण १८६६ ते १८८५-८६, अवघी वीस वर्षे. काटेरी तार आली, लोहमार्ग टेक्ससमध्ये पोहोचले आणि तो धंदा आटोपला. कळपाबरोबर स्वयंपाकाची गाडी असे. तिची मूळ रचना चार्ल्स गुडनाइट याने १८६६ मध्ये लष्कराच्या जुन्या गाडीतून केली. या गाडीवरची कॉफीची भांडी मोठी, दहा-पंधरा माणसांना पुरणारी आणि बहुतेक साध्या किंवा कल्हईच्या पत्र्याची होती. ठिपक्यांची एनॅमलची भांडी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली ती १८७० च्या दशकात आणि घरोघर पोहोचली ती त्यानंतर. म्हणजे ही किटली सर्वत्र दिसू लागली तेव्हा कळप हाकणारे घरी परतत होते. चित्रपटवाल्यांनी दोघांची गाठ घालून दिली.

रानात कॉफी उकळून पिण्याची सवय मात्र त्याआधीची आणि ती सैनिकांची. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात दर शंभर शिध्यांमागे दहा पौंड कच्ची किंवा आठ पौंड भाजलेली कॉफी दिली जाई. हिशेब केला तर माणशी वर्षाला छत्तीस पौंड, म्हणजे सोळा किलोच्या आसपास कच्ची कॉफी झाली. आपल्या घरात वर्षाला किती कॉफी संपते ते ताडून पाहावे! जॉन बिलिंग्ज या माजी सैनिकाने १८८७ मध्ये आपल्या आठवणींचे पुस्तक काढले, त्याच्या नावातच कॉफी आहे. पहाट झाली की कॉफी, कूच थांबले की कॉफी, पहारा बदलला की कॉफी. बिया बंदुकीच्या दस्त्याने कुटायच्या आणि फळांच्या रिकाम्या डब्याला तारेची कडी लावून त्यात उकळायच्या. आजच्या कॅम्पिंगच्या किटलीला वरून जी तारेची कडी असते, तिचे काम आणि त्या डब्याच्या कडीचे काम एकच : भांडे काठीला अडकवून जाळावर टांगायचे आणि हात न भाजता उतरवायचे. युद्धकाळातील काही कार्बाइन बंदुकांच्या दस्त्यातच कॉफी दळण्याचे जाते बसवले होते, अशी एक लाडकी दंतकथा आहे. जाते बसवलेल्या मोजक्या बंदुका संग्रहालयांत आहेत खऱ्या, पण ते जाते घोड्यांचे धान्य भरडण्यासाठी असावे असे आता जाणकार मानतात.

दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखली होती. त्यामुळे दक्षिणेच्या सैनिकांच्या नशिबी भाजलेले राय धान्य, ओकची फळे आणि चिकोरी. दोन्ही बाजूंचे पहारेकरी संधी मिळेल तेव्हा तंबाखू देऊन कॉफी घेत, हेही नोंदले गेले आहे. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमच्या घनघोर लढाईत ओहायोच्या तेविसाव्या पलटणीतील एकोणीस वर्षांचा कोठी-सार्जंट गरम कॉफी आणि अन्नाची गाडी घेऊन गोळीबारातून आघाडीवर गेला. त्याचे नाव विल्यम मॅकिन्ले. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९०१ मध्ये मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडला. १९०३ मध्ये त्या रणभूमीवर त्याचे स्मारक उभारले, त्यावर तो सैनिकांना कॉफी देत असल्याचे शिल्प आहे. लढाईत कॉफी वाढल्याबद्दल स्मारक झालेला असा दुसरा माणूस निदान माझ्या वाचनात नाही. मॅकिन्लेचे नाव ध्यानात ठेवावे, तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

युद्ध संपले आणि लाखो माणसे कॉफीची सवय घेऊन घरी गेली. त्याच वर्षी, १८६५ मध्ये, पिट्सबर्गच्या जॉन आर्बकल याने भाजलेली कॉफी कागदी पुड्यांतून विकायला सुरुवात केली. तोपर्यंत लोक कच्च्या बिया आणून तव्यावर भाजत, त्यातली एखादी करपली की सगळी कडू. भाजलेल्या बीचा वास उडू नये म्हणून तिला अंडे आणि साखरेचा लेप देण्याची युक्ती त्याने काढली आणि १८६८ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याची ‘अरिओसा’ कॉफी पश्चिमेकडे इतकी खपली की काउबॉयच्या तोंडी कॉफीला ‘आर्बकल’ हाच शब्द झाला. प्रत्येक पुड्यात पेपरमिंटची एक कांडी असे आणि ती मिळावी म्हणून बिया दळायला मोठमोठे गडी पुढे येत. रानातल्या त्या मोकळ्या माणसाची कॉफीसुद्धा अशी शहरातल्या भट्टीतून भाजून, पुडा बांधून येत होती.

आता भांड्याकडे येऊ. धातूवर काच वितळवून बसवण्याची विद्या फार जुनी. सोन्याचांदीवरची मीनाकारी आपण जयपूरच्या दागिन्यांत पाहतो, ती हीच. लोखंडाच्या स्वयंपाकाच्या भांड्यांना तिचा उपयोग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन प्रदेशात होऊ लागला. लोखंड गंजते आणि आंबट पदार्थाला चव देते. तांब्यापितळेला कल्हई लागते. काच गंजत नाही, पण पडली की फुटते. तेव्हा लोखंडाचे हाड आणि काचेचे कातडे, असा हा संसार आहे. गारगोटी, फेल्डस्पार, टाकणखार आणि सोडा वितळवून काच करायची, ती पाण्यात ओतून तिचे कण करायचे, दळून पाण्यात कालवायचे, पत्र्याचे भांडे त्यात बुडवून वाळवायचे आणि आठशे अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत काही मिनिटे भाजायचे. पण नुसती काच लोखंडाला धरत नाही, गार होताना पापुद्र्यासारखी सुटते. तिच्यात किंचित कोबाल्टचा ऑक्साइड घातला तर भाजताना लोखंडाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि काच त्यात रुतून बसते. कोबाल्ट काचेला गडद निळा रंग देतो. किटली निळी का, याचे उत्तर हे असे आहे. पांढऱ्या मगाच्या काठाचा टवका उडाला तर आत जो काळपट निळा थर दिसतो, तोच हा पहिला थर. त्यावर पांढरा थर चढवायचा तर भांडे पुन्हा भट्टीत घालावे लागते. निळ्यावर नुसते पांढरे शिंतोडे उडवले की काम स्वस्तात होते.

अमेरिकेत या धंद्यात नाव काढले ते नीडरिंगहाउस बंधूंनी. फ्रेडरिक आणि विल्यम हे दोघे जर्मनीतील वेस्टफालियातून आलेले, सेंट लुइस शहरात पत्र्याची भांडी करणारे कारागीर. डाख देऊन तुकडे जोडण्याऐवजी यंत्राने पत्रा दाबून एकसंध भांडे काढायचे त्यांनी सुरू केले आणि १८७० च्या दशकात ग्रॅनाइटच्या दगडासारखा करडा, ठिपकेदार एनॅमल काढून त्याला ‘ग्रॅनाइट वेअर’ असे नाव दिले. न्यूयॉर्ककडची ललांस आणि ग्रोझाँ ही कंपनी त्याच धर्तीचा माल ‘अगेट’ नावाने विकत होती. नीडरिंगहाउस यांना लागणारा पत्रा युरोपातून येई. फ्रेडरिक १८८९ ते १८९१ या काळात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला. १८९० चा प्रसिद्ध आयातकर कायदा त्याच प्रतिनिधिगृहात मंजूर झाला, त्याने कल्हईच्या पत्र्यावर जबर कर बसवला आणि देशी पत्र्याचे कारखाने उभे राहिले. हा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो म्हणजे अँटिएटमवर कॉफी वाढणारा आपला विल्यम मॅकिन्ले! १८९६ मध्ये मिसिसिपी नदीच्या पलीकडे, इलिनॉय राज्यात, या बंधूंच्या कारखान्यांभोवती वसलेल्या गावाचे नाव ‘ग्रॅनाइट सिटी’ पडले. ते अजून तसेच आहे. किटलीच्या ठिपक्यांवरून नाव पडलेले गाव! आपल्याकडे गावांच्या नावांवरून किती रणे माजतात हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको.

आपल्या घरांतही एनॅमल होतेच. बेळगाव ही मराठा पलटणीची पेठ. निवृत्त होऊन आलेल्या सुभेदार-हवालदारांच्या घरी पांढरा एनॅमलचा मग आणि निळ्या काठाची थाळी फडताळात हमखास असे. सोवळ्याच्या घरांत तिला स्वयंपाकघरात प्रवेश नसे, ती न्हाणीघराजवळ किंवा पडवीत. दारांवरच्या निळ्या-पांढऱ्या नंबरपट्ट्या आणि जुन्या दुकानांच्या पाट्या याच विद्येच्या. पुढे स्टेनलेस स्टील आले आणि एनॅमलची रवानगी माळ्यावर झाली.

आता ज्यांना किटली घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पाठीवर ओझे घेऊन गड चढणार असाल तर हिचा नाद सोडा, ॲल्युमिनियमचे पातेले बरे. गाडीने जाऊन एके ठिकाणी राहणाऱ्यांचे हे भांडे आहे. बूड रुंद हवे, म्हणजे निखाऱ्यावर कलंडत नाही. वर तारेची कडी हवीच आणि मागे कानही हवा, ओतताना एका हाताने कडी व दुसऱ्याने कान धरता येतो. काठावर, तोटीच्या सांध्यावर आणि झाकणाच्या आतल्या कडेला बोट फिरवून पाहावे, एनॅमल पातळ राहतो तो तिथेच. तोटी फार खाली जोडलेली असेल तर कॉफी उकळून तोटीतून उतू जाते, म्हणून किटली सांध्याच्या वर भरू नये. अमेरिकन ‘आठ कप’ म्हणजे आपले आठ मग नव्हेत. त्यांचा कप पाच-सहा औंसांचा, दीडशे मिलिलिटरच्या आतबाहेर. चार माणसांना आठ-नऊ कपांची किटली लागते.

माळ्यावर जुनी सापडली तर? आतला टवका उडालेला असेल तर ती फुलझाडाला द्यावी. काचेची कपची पोटात जाण्याची भीती आहे आणि गंज आहेच. जुन्या स्वस्त मालाबाबत आणखी एक धोका असतो. १९२८ साली नोंदल्या गेलेल्या एका प्रकरणात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे एनॅमलच्या भांड्यांत ठेवलेले लिंबू सरबत पिऊन सत्तरेक माणसे एकदम आजारी पडली. एनॅमलमधला अँटिमनी आंबटाने सरबतात उतरला होता. रंग पांढरा करण्यासाठी तो घालत. म्हणून जुन्या एनॅमलात सरबत, सोलकढी, ताक ठेवू नये. नव्या भांड्यावर अन्नासाठी योग्य असल्याची खूण पाहून घ्यावी.

वापरण्याची रीत सोपी आहे. रिकामी किटली जाळावर ठेवू नये आणि तापलेलीत थंड पाणी ओतू नये. काच आणि लोखंड यांच्या फुगण्या-आकसण्यात ताळमेळ राखलेला असतो, तो एकदम धक्का दिला की बिघडतो आणि काच तडकते. ज्वाळेवर न ठेवता निखाऱ्यावर ठेवावी. एक लिटर पाण्याला पन्नास-साठ ग्रॅम कॉफी, आणि ती जाड रव्याएवढी भरड दळलेली. आपल्याकडे मिळणारी चिकोरीची बारीक पूड इथे चालत नाही, चिखल होतो. पाण्याला उकळी आली की किटली उतरवावी, क्षणभर थांबून कॉफी घालावी, ढवळून झाकण ठेवावे. चार-पाच मिनिटांनी गार पाण्याचा एक हबका मारला की वर तरंगणारा चोथा बराचसा खाली बसतो. कॉफी घातल्यावर खळखळ उकळत ठेवली की कडू होते. चित्रपटातला नायक ती तासभर उकळवतो, त्याला पिऊ द्या. आत नळी आणि चाळणी असलेला पर्कोलेटरही मिळतो. इलिनॉयच्या हॅन्सन गुडरिच याने १८८९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पण त्यात तीच कॉफी पुन्हा पुन्हा उकळत वर चढते, म्हणून मला साधी किटलीच पसंत आहे. स्वीडन-नॉर्वेच्या उत्तर भागात अजून अशी उकळलेली कॉफी पितात. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील पाहणीत कॉफी पिणे आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा संबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे ठपका आला तो उकळून न गाळलेल्या कॉफीवर. कागदी फिल्टरमध्ये तो तेलकट अंश अडकतो. दोन दिवसांच्या मुक्कामाला हरकत नाही, रोजची सवय करू नये.

इथवर मालकांची, पेटंटवाल्यांची, सेनापतींची नावे आली. भट्टीपुढे उभे राहून ज्यांनी ही भांडी बुडवली आणि भाजली त्यांची हकिगत कॅम्पिंगच्या माहितीपत्रकात नसते. ती इंडियाना राज्यातील टेर हॉट या गावात सापडते. अमेरिकेचा थोर समाजवादी कामगारनेता यूजीन डेब्स याचे हे जन्मगाव. १९०२ पासून तेथे कोलंबियन एनॅमलिंग अँड स्टॅम्पिंग कंपनीचा कारखाना होता आणि त्यात एनॅमलची भांडी होत. मंदीचा काळ. कारखान्यात संघटना झाली, १९३४ च्या जुलैत कंपनीने तिच्याशी करारही केला. कामावर फक्त संघटनेचे सभासद घ्यावेत या मागणीवरून बिनसले आणि २३ मार्च १९३५ रोजी कामगार बाहेर पडले. कारखाना बंद राहिला, एप्रिल गेला, मे-जून गेले. जुलैमध्ये कंपनीने बाहेरून पहारेकरी आणले आणि नव्या माणसांवर कारखाना सुरू करायचे ठरवले.

तेव्हा सारे गाव उठले. २२ जुलै १९३५ रोजी टेर हॉटमध्ये सार्वत्रिक संप झाला. भांड्यांच्या कारखान्याशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा इतर धंद्यांतल्या कामगारांनीही काम थांबवले. आपण बंद पाहिलेले लोक आहोत, बंदच्या दिवशी गावाला कशी शांतता येते ते आपल्याला ठाऊक आहे. गव्हर्नर पॉल मॅकनट यांनी लष्करी कायदा पुकारला, नॅशनल गार्डचे सैनिक आले, अश्रुधूर सोडला गेला. दोन दिवसांत सार्वत्रिक संप मिटला. लष्करी कायदा मात्र पुढे कित्येक महिने चालला आणि कारखाना नव्या माणसांवर सुरू झाला.

योगायोग असा की कामगारांना संघटनेचा हक्क देणाऱ्या वॅग्नर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याच महिन्यात, ५ जुलैला सही केली होती. त्या कायद्याखाली नेमलेल्या मंडळाने १९३६ मध्ये निर्णय दिला : कंपनीने वाटाघाटी नाकारल्या, संपावरच्या कामगारांना परत घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि सगळा वाद एका मुद्द्यावर येऊन ठेपला. २३ जुलै १९३५ रोजी सरकारी मध्यस्थ कंपनीच्या अध्यक्षांना भेटले होते. अध्यक्षांनी आधी बैठकीला होकार दिला, मग फिरवला. पण हे मध्यस्थ संघटनेच्या वतीने बोलणी मागायला आले आहेत, असे त्यांना कोणी सांगितले होते का? तसा पुरावा नोंदीत नाही, आणि संघटनेने मागितल्याशिवाय बोलणी करण्याचे मालकावर बंधन नाही, असे म्हणून २७ फेब्रुवारी १९३९ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्लॅक आणि रीड यांनी विरोधी मत नोंदवले.

मला त्या निकालात कायद्याचा कीस दिसतो, न्याय कमी दिसतो. चार महिने फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसांना बोलणी हवी आहेत हे कळायला निरोप्या कशाला हवा? पण निकाल तो निकाल. पुरेसा पुरावा कशाला म्हणावे, नुसता संशय उत्पन्न करण्यापलीकडे त्याने काय केले पाहिजे, याचा आधार म्हणून अमेरिकेतील वकील अजूनही या खटल्याचे नाव घेतात. त्या नावात एनॅमल हा शब्द आहे. वाचणाऱ्या किती जणांना त्यामागची भट्टी आणि भांडी दिसत असतील कोण जाणे. मंडळाने जे कामगार परत घ्यायला सांगितले होते, त्यांना तोवर बाहेर पडून चार वर्षे होत आली होती आणि त्यांच्या जागी आलेले लोक भांडी बुडवून भट्टीत सरकवत होते.